फळ्यावरचं वर्चस्व

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडवरून स्टेशनकडे निघालात की वळणावर माझं झेरॉक्सचं दुकान लागतं. त्याचं खरं नाव पाटीवर आहे, पण ते कुणी वाचत नाही. 'फळ्याजवळची झेरॉक्स' म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडतो. दुकान बाबांनी काढलं, आता मी चालवते. मी मानसी परब. वीस वर्षांहून जास्त काळ मी या काउंटरमागे उभी आहे आणि तेवढाच काळ लोक माझ्याकडे पाठ करून भिंतीवरचा फळा वाचतायत. सुरुवातीला राग यायचा. आता सवय झाली.

फळा शरच्चंद्र दातारांचा, म्हणजे आमच्या काकांचा. २००३ साली ते विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी एक फळा काखेत मारून बाबांसमोर उभे राहिले. म्हणाले, "परब, तुमची ही भिंत रिकामी आहे. मी रोज एक शब्द लिहीन. त्याचा अर्थ आणि तो आला कुठून, ते." बाबा म्हणाले, "सुविचार लिहा की, लोकांना आवडतात." काकांनी चष्म्यावरून बघितलं. "विचार सगळ्यांकडे ढिगाने आहेत हो. शब्दांचीच बोंब आहे." बाबांनी मुकाट्याने खिळे आणून दिले.

तेव्हापासून रोज साडेसहाला काका हजर. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, वरच्या खिशात खडूची डबी, हातात ओलं फडकं. अक्षर असं की मोत्याचे दाणे म्हणायचा मोह व्हावा. ते लिहायला लागले की स्टेशनला धावणारी माणसंही क्षणभर थांबायची. एकदा 'उत्कर्ष' लिहिला: मुळात अर्थ वर ओढणं, शेतात नांगर ओढतात ती 'कृषी' आणि हा 'उत्कर्ष' एकाच धातूतले. त्या दिवशी आमच्याकडचा भाजीवाला दिवसभर खुशीत होता. एकदा 'लग्न' लिहिला: जन्माच्या वेळी पूर्व क्षितिजाला लागून जी रास उगवत असते ती लग्नरास, लग्न म्हणजे लागलेलं, चिकटलेलं. त्यावर खाली कुणीतरी 'सुटायचं कसं?' असं लिहून गेलं.

खाली लिहायची सोय काकांनीच केली होती. फळ्याच्या तळाला चार बोटांची पट्टी आखलेली, तिथे कुणीही शंका लिहावी, दुसऱ्या दिवशी काका उत्तर देणार. लोक लिहायचेही. 'काका, दादागिरीतला दादा कोण?' असं विचारलं की दुसऱ्या दिवशी घरातला थोरला भाऊ रस्त्यावर कसा उतरला याची हकिकत फळ्यावर हजर.

पण माणूस कसा होता, हे सांगायचं तर फक्त फळा सांगून भागणार नाही. काकांना चूक दिसली की राहवायचं नाही. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी तीन चुका काढल्या, त्याही पत्रिका वाटून झाल्यावर. गणपतीच्या मंडळाने कापडी फलक लावला की हे खाली उभे राहून मान हलवणार. कार्यकर्ते त्यांना बघून रस्ता बदलायचे. चारचौघांत कुणी बोलायला लागलं आणि काका तिथे असले की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप बारीक व्हायचा. त्यांना ते आवडायचं, हेही सांगायला हवं. दुसरीकडे, बाबांच्या हॉस्पिटलच्या वेळी विम्याचे कागद घेऊन हाच माणूस माझ्याबरोबर पाच वेळा ऑफिसात आला, रांगेत उभा राहिला, आणि 'कशाला हो काका' म्हटल्यावर खेकसला, "कशाला म्हणजे? त्यांनी नियम सहा चुकीचा लावलाय." मदत करतानाही त्यांना कुणीतरी चुकलेलं लागायचं.

आता दुसऱ्या माणसाकडे येते. मालन गावकर. पालिकेच्या शाळेतल्या बाई, मला चौथीला होत्या. त्यांचे वडील धोंडू गावकर कुडाळहून आलेले, परळला गिरणीत होते. संपानंतर गिरणी गेली आणि ते मुलुंडला एका बिल्डिंगीवर वॉचमन झाले. त्या बिल्डिंगीतल्या कुणीतरी रद्दीत टाकलेला संस्कृत-मराठी कोश त्यांनी उचलून घरी आणला. पुठ्ठा गेलेला, 'अ'ची पहिली पानं नसलेला. मालन तेव्हा डी. एड. करत होती. वडील म्हणाले, "घे, जाड आसा, उपयोगाक येतला." आणि आला. बाईंनी नोकरी करता करता बाहेरून बी. ए. केलं, संस्कृत घेऊन. हे सगळं मला फार पुढे कळलं. चौथीत असताना मला एवढंच माहीत होतं की बाईंना कुठलाही शब्द विचारला तर त्या 'गप बस' म्हणत नाहीत.

२००४ सालच्या एका सकाळी काकांनी फळ्यावर 'वर्चस्व' लिहिला. अर्थ: प्रभुत्व, अंमल, दुसऱ्यावर चढ. आणि मूळ: 'वरच + स्व. स्वतःला नेहमी वरच ठेवणे.' लोक जाम खूश. वरच स्व! कसं चपखल बसतंय बघा. दोघातिघांनी आपापल्या साहेबांची नावं घेतली. काका स्टुलावर बसून मजा बघत होते.

दुपारी शाळा सुटल्यावर मालनबाई आल्या, उभ्या राहून वाचलं, आणि खालच्या पट्टीत खडूने लिहिलं: 'मूळ शब्द संस्कृत वर्चस्, म्हणजे तेज. त्यावरून वर्चस्वी, तेजस्वी माणूस. वर किंवा वरच याच्याशी संबंध नसावा. कृपया पाहावे. मा. गावकर.' मला म्हणाल्या, "काकांना सांग गं, घाई नाही, सवडीने बघा म्हणावं." आणि गेल्या.

काकांनी बघितलं नाही. त्यांच्या शब्दाला कुणी पहिल्यांदाच हात लावला होता, आणि तोही कुणी प्रोफेसराने नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर नेहमीचा शब्द नव्हताच. अख्ख्या फळ्यावर मोत्याच्या दाण्यांत एकच ओळ होती: 'प्राथमिक शाळेच्या बाईंनी प्राथमिकच शिकवावे.'

ऑफिसला जाणारी गर्दी ती ओळ वाचून हसली. सव्वासातला बाई शाळेत जायला त्याच वाटेने आल्या. लोक हसत असताना आल्या. फळा वाचला, पर्स खांद्यावर नीट केली आणि सरळ चालत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या मागच्या गल्लीतून जायला लागल्या. ती वाट उलटी आहे, दहा मिनिटं जास्त लागतात, मध्ये उघडं गटार आहे. एकवीस वर्षं त्या रोज ती दहा मिनिटं चालल्या. शाळेचे पेपर माझ्याकडे झेरॉक्सला यायचे, पण शिपाई घेऊन यायचा.

काका विसरून गेले. तेही स्वाभाविकच म्हणायचं, ज्याने टोला मारला त्याच्या हाताला कुठे वळ उठतो.

फळ्यावर रोज काय लिहिलंय ते मी एका वहीत उतरवून ठेवायचे. काकांनीच सांगितलं होतं, 'शब्द पुसला तरी हरवता कामा नये' म्हणून. अशा एकोणीस वह्या झाल्या. गेल्या वर्षी काकांना ऐंशी पूर्ण झाली तेव्हा त्यांची मुलगी अस्मिता सांताक्रूझहून आली आणि म्हणाली, "मानसी, यातले तीनशे पासष्ट शब्द निवड, आपण बाबांचं पुस्तक करू. आई असती तर तिनेच केलं असतं." आणि वाढदिवसाची भेट म्हणून तिने बाबांना एक भला मोठा संस्कृत कोश दिला. ती बिचारी चांगल्या मनाने देऊन गेली. तो कोश घरात काय करणार आहे हे तिला काय माहीत.

या जानेवारीपासून काका रोज दुपारी दुकानात येऊन बसायचे. मी टाइप करायचे, ते एकेक शब्द कोशात ताडून बघायचे. हात थरथरतो आता, पण डोळे तेच. मार्चच्या सुरुवातीला आम्ही 'व'ला पोचलो. मी म्हटलं, "काका, 'वर्चस्व' टाइप झाला. वरच स्व. अजून एक नंबर वाटतो हा."

काकांचा कोश मांडीवर उघडा होता. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला, परत वाचलं.

"वर्चस्," ते म्हणाले. "तेज. कांती. अंगातली ताकद. त्यावरून वर्चस्वी." "मानसी, ती बाई बरोबर होती."

मी मुद्दामच विचारलं, "कुठली बाई?"

"पालिकेच्या शाळेतली. गावकर ना? तिने लिहिलं होतं काहीतरी."

मला काय सुचलं ते सांगते, अभिमानाची गोष्ट नाही ही. मी म्हटलं, "काढून टाकू ना तो शब्द. तीनशे पासष्टात एक नसला तर कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," काका म्हणाले आणि कोश बंद करून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी फळा कोरा राहिला. तिसऱ्या दिवशीही. बावीस वर्षांत हे झालं नव्हतं. काकू गेल्या त्या दिवशीसुद्धा त्यांनी शब्द लिहिला होता. आता लोक काउंटरवर येऊन हळू आवाजात विचारायला लागले, "काका... आहेत ना?" शेजारच्या फुलवाल्याने तर हार किती मोठा लागेल असंही विचारून घेतलं. मी त्याला हाकललं.

मी स्वतःच काकांच्या घरी गेले. ते खिडकीशी बसले होते. म्हटलं, "काका, एक सांगू? बाई या महिन्याअखेर रिटायर होतायत. शिपाई त्यांचे कागद घेऊन आला होता माझ्याकडे. पुढचा पत्ता कुडाळचा आहे. दहा एप्रिलला चालल्यात, कायमच्या. बोलायचं असेल तर आत्ताच बोला, नाहीतर बसा आयुष्यभर कोश कुरवाळत."

ऐंशी वर्षांच्या माणसाला 'आयुष्यभर' म्हणणं तसं वेडेपणाचंच. पण काका उठले. "त्या पानाची झेरॉक्स काढ," म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही बाईंच्या घरी गेलो. मिठागर रोडलाच, तळमजल्यावर दोन खोल्या. अर्धं सामान खोक्यांत भरलेलं. बाईंनी दार उघडलं, काकांना बघून एक क्षण थांबल्या, मग म्हणाल्या, "या. मानसी, ये गं." पाणी दिलं. सरबतही केलं. पाहुणचारात त्या बाईने तसूभर कमी केलं नाही.

काकांनी खिशातून घडी केलेली झेरॉक्स काढली, उलगडली, 'वर्चस्' खाली लाल पेनने ओढलेली रेघ दाखवली. "गावकर बाई, तुमचं बरोबर होतं. माझी व्युत्पत्ती चुकली. मी पुस्तकात दुरुस्त करतो आहे. म्हटलं, स्वतः येऊन सांगावं."

बाईंनी कागद हातात घेतला. वाचला. परत दिला.

"हे मला माहीतच होतं हो," त्या म्हणाल्या. "मला कशाला दाखवता?"

काका गोंधळले. "म्हणजे, मी चूक कबूल करायला आलो आहे."

"शब्द चुकला, त्याचं काय एवढं? माझी मुलं दिवसाला शंभर चुकतात. मी चुकते. माका त्या शब्दाचा कायएक पडलेला नाय, दातार. तुम्ही दुसऱ्या दिवशी जे लिहिलंत, त्याचं काय?"

"काय लिहिलं?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मला तर जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी ती ओळ म्हणून दाखवली, अक्षर न अक्षर. आवाज चढवला नाही. खोक्यांवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, तिकडे बघत म्हटली.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "मी असं लिहिलं?"

"हो काका. वहीत आहे."

"ती... ती गंमत होती," काका म्हणाले. "फळ्यावर थोडं खुसखुशीत लिहावं लागतं. लोकांना..."

"लोकांना आवडली," बाई म्हणाल्या. "माझे बाबा तेव्हा तुमच्याच बाजूच्या बिल्डिंगीवर वॉचमन होते. त्यांनीही वाचली. त्यांना वाटलं, त्यांनीच मला चुकीचं पुस्तक आणून दिलं. मरेपर्यंत तसंच वाटत राहिलं त्यांना. कितीदा समजावलं, पण ते म्हणायचे, एवढा शिकलेला माणूस लिहितो म्हणजे काहीतरी असेल. रद्दीतला होता ना तो."

काका उठले. रागावले होते, असं मला तेव्हा वाटलं. "मी दुरुस्ती करायला आलो होतो, उलटतपासणीला नव्हे," असं काहीतरी पुटपुटले आणि निघाले. सरबत अर्धं राहिलं. बाई मला म्हणाल्या, "जा, सोबत जा त्यांच्या. रस्त्यात पडतील."

रस्त्यात मी भडकले. "काका, तुम्ही ना, माफी पण वरूनच मागता!" घराच्या दारात त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कुठल्या बिल्डिंगीवर म्हणाली ती?" मी सांगितलं. तो निळ्या गणवेशातला वॉचमन. काका त्याला रोज सकाळी नमस्कार करायचे. नाव मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

आठवडाभर काका फिरकले नाहीत. अस्मिताचा फोन आला, बाबा जेवत नाहीत नीट, काय झालंय? मी म्हटलं, "काही नाही, वाढतायत." ती म्हणाली, "या वयात?"

मग सोमवारी साडेसहाला मी शटर वर केलं तर काका फळ्यासमोर उभे. हाताला इतका कंप की डाव्या हाताने उजवं मनगट धरून लिहीत होते. मोत्याचे दाणे नव्हते, अक्षरं वर-खाली झाली होती. मी 'द्या, मी लिहिते' म्हटलं तर मान हलवली. पाऊण तास लागला.

लिहिलं होतं ते असं: 'सन २००४ मध्ये या फळ्यावर मी श्रीमती मालन गावकर यांचा अपमान केला. त्यांनी सांगितलेले बरोबर होते. ते चूक असते तरी मला तसे लिहिण्याचा अधिकार नव्हता. त्यांचे वडील कै. धोंडू गावकर यांनी आणलेला कोश उत्तम होता. शरच्चंद्र दातार.'

आणि फडकं माझ्या हातात देऊन म्हणाले, "पुसायचा नाही. मी सांगेपर्यंत."

मग स्टूल घेऊन फळ्याशेजारी बसले. रोज बसायचे तसेच, पण आज तिथे बसणं सोपं नव्हतं. लोक वाचायचे, मग काकांकडे बघायचे, मग घड्याळाकडे. एक जण म्हणाला, "काका, कशाला जुनं उकरता? वीस वर्षं झाली." काका म्हणाले, "एकवीस." दुसरा म्हणाला, "मोठेपणा आहे तुमचा." त्यावर काका असे काही खेकसले की तो परत तीन दिवस दिसला नाही. फुलवाला येऊन शांतपणे वाचून गेला, आणि मी बघितलं तर त्याने मोगऱ्याचं एक फूल फळ्याच्या खिळ्याला अडकवलं होतं. काका तीन दिवस बसले. तिन्ही दिवस बाई मागच्या गल्लीतून गेल्या. मला वाटलं, संपलं. दहा एप्रिल येईल आणि जाईल.

कुणी सांगितलं बाईंना, मला माहीत नाही. मी नाही. चौथ्या दिवशी, शाळा सुटायच्या वेळी, बाई रस्त्याच्या त्या बाजूने आल्या. समोर येऊन थांबल्या. पर्स काखेत घट्ट. पूर्ण वाचलं, वहीचं पान तपासावं तसं, वरून खालपर्यंत. वडिलांच्या नावापाशी जरा जास्त वेळ थांबल्या. काका उठून उभे राहिले होते. डोळ्यांत पाणी आलं होतं. मी पहिल्यांदाच बघितलं ते.

बाई म्हणाल्या, "'कै.' नंतर टिंब हवं, ते दिलंत. बरं केलंत." मग विचारलं, "पुस्तक कधी छापताय?"

"बघू," काका म्हणाले. "आता धीर होत नाही. आणखी किती चुकलं असेल कोण जाणे."

"कुणाला तरी दाखवा आधी."

"कुणाला दाखवू?"

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की चौथीतली सगळी मुलं मला एकदम आठवली. "मला दाखवा."

दहा एप्रिलचं तिकीट बाईंनी रद्द केलं. म्हणाल्या, आंबे उतरल्यावर जाईन. मग म्हणाल्या, गणपतीला जाईन. दर रविवारी सकाळी दहाला काका त्यांच्याकडे जाऊन बसतात. तीन कोश पुढ्यात: काकांचा नवा, बाईंचा बिनपुठ्ठ्याचा, आणि अस्मिताने मागवलेला आणखी एक. आतापर्यंत एक्केचाळीस शब्द चुकीचे निघाले. प्रत्येक वेळी काका आधी भांडतात, मग कोश बघतात, मग 'हं' म्हणतात. दोनदा काका बरोबर निघाले आणि पुढच्या रविवारी त्यांनी जाताना जिलबी नेली.

'वर्चस्व'ची पाळी आली त्या रविवारी मी तिथे होते. बाईंनी काकांना सांगितलं की वर्चस् शब्दाचा कोशात आणखी एक अर्थ आहे, विष्ठा. काका उडालेच. मग बघितलं, तर खरंच होता. दोघं इतके हसले की शेजारची बाई डोकावून गेली.

मग बाई म्हणाल्या, "गंमत बघा. मुळात हे माणसाचं आतलं तेज. दिवा लागतो तसं. त्याला दुसरा कुणी खाली असावा लागत नाही. मराठीत येईपर्यंत त्याला कुणीतरी खाली लागायला लागलं."

काका म्हणाले, "म्हणजे माझं मूळ चुकलं, पण अर्थ बरोबर होता."

"अर्थ तुम्ही करून दाखवलात," बाई म्हणाल्या आणि जिलबीचं ताट पुढे सरकवलं. काकांनी एक उचलली.

फळा आता रविवार सोडून पुन्हा रोज असतो. सोमवार ते गुरुवार काका सांगतात आणि मी लिहिते, कारण त्यांचा हात चालत नाही. शुक्रवार आणि शनिवार बाईंचा. बाईंचे शब्द वेगळे असतात, मालवणी असतात, शाळेतले असतात. त्यांच्या दिवशी गर्दी जास्त असते हे काकांना दिसतं, आणि ते ते स्वतःहून सांगतातही, जरा नाक मुरडून.

एक गोष्ट मात्र मी इथपर्यंत लिहायची टाळली. ती लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

गेल्या महिन्यात बाई दुकानात आल्या, दुरुस्त केलेली पानं घेऊन. एकटीच होते मी. मशीन गरम होत होतं. बाई काउंटरवर हात ठेवून उभ्या होत्या, पूर्वी मी त्यांच्या टेबलाशी उभी राहायचे तशीच त्यांच्यासमोर मी उभी होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, त्या दिवशी, लोक हसत होते ना... मी पण हसले होते."

वीस वर्षांची होते मी. काकांनी लिहिलं होतं, सगळे हसत होते, मला वाटलं आपणही हसावं. मला ज्यांनी लिहायला शिकवलं त्या समोरून येतायत हे दिसत असताना हसले.

बाईंनी पानं जुळवली, टाचणी काढून बाजूला ठेवली.

"ठाऊक आहे गं," त्या म्हणाल्या. "तुझं हसणं मी चौथीपासून ओळखते."

माझा हात बटणावरच राहिला. मग बाईंनी काउंटरवरून हात पुढे केला, माझ्या गालाला लावला, आणि म्हणाल्या, "रडू नको, कागद भिजतील. पाठपोट काढ."